मानसशास्त्राचा पाया कसा घालायचा: संज्ञा, संप्रदाय, शाखा आणि एक चालढकल

मानसशास्त्र शिकायला घेणाऱ्याची पहिली अडचण अशी की यातले बरेचसे शब्द त्याला आधीच येतात. रसायनशास्त्रात 'मोल' हा शब्द आला की माणूस सावध होतो, कारण तो नवा असतो. 'स्मृती', 'बुद्धी', 'ताण', 'शिक्षा', 'प्रेरणा' हे मात्र रोजच्या बोलण्यातले शब्द. वाचताना डोळे सरसर पुढे जातात, सगळं कळलंय असं वाटतं, आणि नंतर नेमका तिथेच पाय घसरतो. म्हणून या विषयात सुरुवातीचं निम्मं काम नवं शिकण्याचं नसून ओळखीच्या शब्दांतला सैलपणा काढून टाकण्याचं आहे.

व्याख्या एका ओळीची आहे: वर्तन आणि मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय पद्धतीने केलेला अभ्यास. ती पाठ करण्यापेक्षा तिचे तुकडे पाडा. वर्तन दिसतं, मोजता येतं. मानसिक प्रक्रिया दिसत नाहीत, त्यांचा अंदाज वर्तनावरून बांधावा लागतो. आणि तो अंदाज चुकीचा ठरू शकेल अशी सोय ठेवणं म्हणजे शास्त्रीय पद्धत. ज्या विधानाला कोणत्याही निरीक्षणाने धक्का लागूच शकत नाही ते कितीही पटणारं असलं तरी इथे कामाचं नाही.

संज्ञांची वही

एक वही घ्या आणि प्रत्येक संज्ञेला अर्धं पान द्या. त्यात तीनच गोष्टी लिहायच्या: तुमच्या शब्दांत अर्थ, ती गोष्ट मोजायची कशी, आणि तिचा घोळ कशाशी होतो. दुसरा रकाना भरताना खरी परीक्षा होते. 'चिंता' लिहिली की पुढे लिहावं लागतं: प्रश्नावलीतले गुण, हृदयाचे ठोके, तळहाताला घाम आल्यामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, किंवा माणूस एखादा प्रसंग किती वेळा टाळतो ते. आणि मग लक्षात येतं की ही चार मापं नेहमी एकमेकांशी जुळत नाहीत. छाती धडधडत असूनही 'मी अगदी शांत आहे' असं लिहिणारे लोक असतात. हे कळलं की 'चिंता वाढली' असं कुठेही वाचताना 'कोणत्या मापाने?' हा प्रश्न आपोआप येतो.

पहिल्या महिन्यात २० संज्ञा पुरेत. पुस्तकामागची दोनशे शब्दांची यादी उतरवून काढली तर हात दुखतो, बाकी काही होत नाही. पुढचे घोळ मात्र आधीच मिटवून घ्या, कारण बहुतेक सगळे नवशिके यांतच अडकतात.

वेदन आणि संवेदन. ज्ञानेंद्रियाने बाहेरची ऊर्जा टिपणं म्हणजे वेदन. टिपलेल्याला अर्थ लावणं म्हणजे संवेदन. आपल्याकडचं रज्जुसर्पाचं जुनं उदाहरण इथे चपखल बसतं. अंधुक उजेडात डोळ्यांत शिरणारा प्रकाश दोन्ही वेळा तोच असतो. दोरी दिसली की साप, हे संवेदनात ठरतं, आणि त्यात अपेक्षा, भीती, मागचा अनुभव यांचा हात असतो.

अल्पकालीन स्मृती. काल किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, तर लोक म्हणतात 'माझी शॉर्ट टर्म मेमरी गेली'. चूक. कालची गोष्ट दीर्घकालीन स्मृतीच्या हद्दीत येते. अल्पकालीन स्मृतीचा हिशेब सेकंदांचा आहे. १९५९ साली पीटरसन दांपत्याने लोकांना तीन व्यंजनं ऐकवली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनात घोकता येऊ नये. १८ सेकंदांनंतर फारच थोड्यांना ती तीन अक्षरं धड सांगता आली.

अभिजात अभिसंधानातली (दोन गोष्टींची वारंवार सांगड पडून होणाऱ्या शिकण्यातली) नावं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ एकदा 'अनभिसंधित प्रतिसाद' असते आणि एकदा 'अभिसंधित प्रतिसाद'. लाळ तीच, मग नाव का बदललं? इथे विद्यार्थी नुसतं पाठ करतात आणि उदाहरण बदललं की गोंधळतात. एकच प्रश्न विचारायचा: हे शिकावं लागलं का? अन्न तोंडात पडल्यावर लाळ सुटायला शिकवणी लागत नाही, म्हणून अन्न आणि त्याला आलेली लाळ दोन्ही अनभिसंधित. मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांना लाळ सुटणं शिकूनच येतं, म्हणून ठोका आणि त्याला आलेली लाळ अभिसंधित. अन्नाशी सांगड पडण्यापूर्वी तोच ठोका तटस्थ उद्दीपक होता.

आता सगळ्यांत मोठा खड्डा: ऋण प्रबलन. बरेच जण याचा अर्थ 'शिक्षा' असा करतात, आणि त्याला कारण 'ऋण' हा शब्द. इथे धन-ऋणाचा अर्थ बरं-वाईट असा नाही. बेरीज-वजाबाकी एवढाच आहे. धन म्हणजे काहीतरी दिलं, ऋण म्हणजे काहीतरी काढून घेतलं. आणि प्रबलन म्हणजे वर्तन वाढलं, शिक्षा म्हणजे वर्तन घटलं. दोन प्रश्न, चार उत्तरं. गाडीत पट्टा लावेपर्यंत कर्कश टूं-टूं चालू राहते. पट्टा लावला की थांबते. पुढच्या वेळी तुम्ही पट्टा लवकर लावता. आवाज काढून घेतला गेला, म्हणून ऋण. पट्टा लावणं वाढलं, म्हणून प्रबलन. मुलाने भांडण केलं म्हणून संध्याकाळचं खेळणं बंद झालं आणि भांडणं कमी झाली, तर ती ऋण शिक्षा. आणखी एक बारकावा इथेच टिपून ठेवा. एखादी गोष्ट प्रबलक आहे की नाही हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, नंतर वर्तनाचं काय झालं त्यावरून ठरतं. शिक्षक वर्गात ओरडतात आणि मुलाचा दंगा वाढतो, तर ते ओरडणं, शिक्षकांनी शिक्षा म्हणून केलेलं असलं तरी, त्या मुलासाठी प्रबलन ठरलं.

सहसंबंध आणि कारण यांबद्दल थोडक्यात. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात तेव्हा तीन शक्यता लिहून काढायच्या: पहिलीमुळे दुसरी, दुसरीमुळे पहिली, किंवा तिसऱ्याच कशामुळे दोन्ही. झोप कमी आणि उदासी जास्त असं आढळलं तर तिन्ही लिहून बघा. तिन्ही पटतात, म्हणूनच प्रयोग करावा लागतो.

एक प्रयोग हाडापर्यंत वाचा

दहा प्रयोगांची नावं माहीत असण्यापेक्षा एक प्रयोग पुरता कळलेला बरा. त्यासाठी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग घ्या. तो छोटा आहे, आकडे सोपे आहेत, आणि त्याचा दुसरा भाग पहिल्यातली पळवाट कशी बंद करतो ते पाहण्यासारखं आहे.

पहिल्या भागात ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या ७ छोट्या फिल्म्स दाखवल्या. नंतर प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गाड्या एकमेकींवर आल्या तेव्हा वेग अंदाजे किती होता? पाच गट, प्रत्येकी ९ जण, आणि गटागटात फरक फक्त क्रियापदाचा. एका गटाला विचारलं 'जोरात आदळल्या तेव्हा', दुसऱ्याला 'धडकल्या तेव्हा', आणखी एकाला 'एकमेकींना लागल्या तेव्हा'. 'जोरात आदळल्या' असं वाचणाऱ्यांनी सरासरी ताशी ४०.५ मैल सांगितले, 'लागल्या' वाचणाऱ्यांनी ३१.८. फिल्म्स त्याच होत्या.

इथे वहीत लिहा: क्रियापद हा स्वतंत्र परिवर्तक (संशोधक जो बदलतो तो), सांगितलेला वेग हा परतंत्र परिवर्तक (त्यामुळे बदलतो का ते मोजायचं तो). आता थांबा आणि विचारा, यावरून स्मृती बदलली असं म्हणता येईल का? नाही म्हणता येणार. कदाचित आठवण तीच असेल, आणि नेमका आकडा माहीत नसल्याने माणसाने प्रश्नातल्या शब्दाकडे पाहून आकडा वर-खाली सरकवला असेल. वेगाचा अंदाज मुळात किती कच्चा असतो हे त्याच प्रयोगात दिसतं: ताशी २० मैल वेगाची टक्कर पाहूनही सरासरी उत्तर ३७.७ आलं होतं.

म्हणून दुसरा भाग. १५० विद्यार्थी, अपघाताची एक फिल्म. ५० जणांना 'जोरात आदळल्या' असा प्रश्न, ५० जणांना 'धडकल्या' असा, आणि उरलेल्या ५० जणांना वेगाचा प्रश्नच नाही. हा नियंत्रित गट. आठवडाभराने सगळ्यांना बोलावून, फिल्म पुन्हा न दाखवता विचारलं: फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पहिल्या गटातल्या १६ जणांनी 'हो' म्हटलं, दुसऱ्यातल्या ७ आणि नियंत्रित गटातल्या ६ जणांनी. आता 'आकडा सरकवला' हे स्पष्टीकरण अपुरं पडतं, कारण काचेच्या प्रश्नात सरकवायला आकडाच नाही. आठवडाभरापूर्वीचा एक शब्द आठवणीत जाऊन बसला आणि त्याने तिथे नसलेली काच आणली.

हा डाव ओळखता येऊ लागला की मानसशास्त्र वाचण्यात गोडी येते. संशोधक स्वतःच्याच निष्कर्षावर सगळ्यांत जोरदार आक्षेप घेतो आणि त्याला उत्तर देणारा पुढचा प्रयोग रचतो. कोणताही प्रयोग वाचताना हेच शोधा, आणि जोडीला हेही विचारा: सहभागी कोण होते, गटांत वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, होती का, मोजलं काय, प्रयोगशाळेबाहेर ते कितपत लागू पडेल. या प्रयोगात सगळे विद्यार्थी होते आणि खरा अपघात कुणीच पाहिला नव्हता, ही मर्यादा वहीत यायलाच हवी.

शेवटचा प्रश्न: इतरांनी पुन्हा केल्यावर तेच आढळलं का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसेल असा, निष्कर्ष होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. यावरून सगळं शास्त्र खोटं ठरत नाही. पण एकाच अभ्यासावर उभ्या असलेल्या आकर्षक दाव्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायची सवय मात्र लागली पाहिजे.

संप्रदाय: यादी नको, भांडण वाचा

संप्रदायांची नावं, संस्थापक आणि साल असा तक्ता पाठ केला तर आठवड्यात विसरतो. प्रत्येक संप्रदाय आधीच्या कुणाशी तरी भांडायला उभा राहिला आहे. ते भांडण कळलं की क्रम विसरायची सोयच राहत नाही.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली. त्यांच्याकडे शिकलेल्या टिचनर यांचा रचनावाद म्हणत होता की अनुभव मूळ घटकांत फोडा, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसाने अंतर्निरीक्षण करावं, म्हणजे स्वतःच्याच मनात डोकावून अनुभव सांगावा. अडचण सरळ होती: दोन प्रशिक्षित माणसं वेगवेगळं सांगू लागली तर पंच कोण? विल्यम जेम्स आणि कार्यवाद्यांचा प्रश्न निराळाच होता: जाणीव कशाची बनली आहे ते राहू द्या, तिचा जगायला उपयोग काय? अनुभव अखंडच असतो म्हणणाऱ्या गेस्टाल्टवाद्यांनी फोडण्यावरच आक्षेप घेतला. १९१२ मध्ये मॅक्स वर्थायमर यांनी दाखवलं की दोन स्थिर रेघा ठरावीक, अगदी थोड्या अंतराने आळीपाळीने उजळल्या तर एकच रेघ सरकताना दिसते. ती हालचाल पहिल्या रेघेत नाही, दुसरीतही नाही. मग घटक फोडून ती सापडणार कुठे?

जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वादच उलटवला: जाणीव सोडा, बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करा. हा वर्तनवाद. पुढे स्किनर यांनी परिणामांमुळे वर्तन कसं घडतं याचा बारकाईने अभ्यास केला. फ्रॉइड यांचं मनोविश्लेषण या सगळ्यापासून दूर, रुग्णांशी बोलण्यातून वाढलं. त्याचा भर नेणिवेतल्या संघर्षावर आणि बालपणावर. त्याच्या बऱ्याच संकल्पना पडताळता येतील अशा रीतीने मांडलेल्या नाहीत, हा आक्षेप आजही तितकाच वजनदार आहे. मास्लो आणि रॉजर्स यांच्या मानवतावादाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या: माणूस केवळ सवयींचं गाठोडं नाही आणि केवळ दडपलेल्या इच्छांचंही नाही.

वर्तनवादाला खरा धक्का त्याच्याच उंदरांनी दिला. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० मध्ये एका गटाच्या उंदरांना १० दिवस चक्रव्यूहात काहीही बक्षीस न देता फिरू दिलं. अकराव्या दिवशी चक्रव्यूहाच्या टोकाला अन्न ठेवलं. लगेच त्यांच्या चुका रोज अन्न मिळणाऱ्या उंदरांइतक्या कमी झाल्या. म्हणजे प्रबलन नसतानाही ते शिकत होते, फक्त दाखवत नव्हते. त्यांच्या डोक्यात वाटेचा काहीतरी नकाशा तयार होत होता. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांचा अल्पकालीन स्मृतीच्या क्षमतेवरचा लेख, १९५९ मध्ये चॉम्स्की यांनी भाषेबाबत स्किनर यांच्यावर केलेली टीका, १९६७ मध्ये उल्रिक नाइसर यांनी या क्षेत्राला मिळवून दिलेलं नाव, अशी ती वाट बोधात्मक मानसशास्त्रापर्यंत, म्हणजे स्मृती, विचार, भाषा अशा मानसिक प्रक्रियांच्या अभ्यासापर्यंत आली.

आता हे पक्कं करायचा उपाय. एकच वर्तन घ्या आणि ते सगळ्यांपुढे ठेवा. चालढकल घेऊ. एका मुलीला १५ दिवसांत अहवाल द्यायचा आहे; ती रोज बसते, फाइल उघडते, बंद करते आणि दुसरंच काही करते. कोऱ्या पानावर प्रत्येक संप्रदायाच्या बाजूने चार ओळी लिहा.

वर्तनवादी विचारेल, फाइल बंद केल्यावर लगेच काय होतं? जिवाची घालमेल थांबते. नकोशी गोष्ट दूर झाली आणि बंद करण्याचं वर्तन वाढलं: ऋण प्रबलन, अगदी पट्ट्याच्या टूं-टूंसारखं. अहवाल पूर्ण झाल्याचं बक्षीस १५ दिवस लांब, सुटकेचं बक्षीस दोन सेकंदांवर. उपायही यातूनच निघतो: कामाचे २०-२० मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यानंतर लगेच काहीतरी मिळू द्या.

बोधात्मक मानसशास्त्र तिच्या अंदाजाकडे बघेल. 'तीन दिवसांत होईल' हा हिशेब कुठून आला? ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. माणूस पुढच्या कामाची कल्पना करताना सगळं सुरळीत चालेल असंच चित्र रंगवतो, मागच्या वेळी काय झालं ते बघत नाही. शिवाय 'मनासारखं लिहिता आलं नाही तर मी नालायक' असा विचार मध्ये उभा असेल, तर तोही शोधावा लागेल.

मनोविश्लेषक म्हणेल, उशिरा लिहून वाईट झालं तर दोष वेळेला जातो, बुद्धीला जात नाही. चालढकल ही स्वप्रतिमेची ढाल आहे. मानवतावादी विचारेल, हा अहवाल तुला हवा आहे की दुसऱ्या कुणाला? जैविक बाजू तात्कालिक बक्षिसाची ओढ आणि मेंदूच्या पुढच्या भागाचं नियंत्रण यांतली रस्सीखेच बघेल. सामाजिक बाजू बघेल की तिच्या गटातले सगळे आदल्या रात्रीच लिहितात का.

हे पान लिहून झाल्यावर दोन चुका तपासा. पहिली, नुसती भाषांतरं झाली आहेत का? 'वर्तनवादी म्हणेल तिला सवय लागली' हे स्पष्टीकरण नव्हे. कोणत्या परिणामामुळे लागली ते यायला हवं. दुसरी, कुणाचं विधान कसं तपासणार ते लिहिलंय का? मनोविश्लेषणापाशी पेन अडखळेल. ते अडखळणंच शिकण्यासारखं आहे.

शाखा

इथे फार वेळ घालवू नका. शाखा म्हणजे निरनिराळे प्रश्न. वयानुसार काय बदलतं हा प्रश्न विकासात्मक मानसशास्त्राचा. इतरांच्या असण्याने वागणं कसं बदलतं, हा सामाजिक मानसशास्त्राचा. मेंदू आणि वर्तन यांचा संबंध जैविक मानसशास्त्राचा. माणसं एकमेकांपासून कशी वेगळी, हा व्यक्तिमत्त्व आणि मानसमापनाचा. शैक्षणिक, औद्योगिक व संघटनात्मक, आरोग्य, क्रीडा, न्यायसहायक या उपयोजित शाखा. त्या मूळ शाखांकडून उसनं घेऊन ठरावीक ठिकाणी वापरतात. लॉफ्टस यांचा प्रयोग बोधात्मक शाखेतला, पण साक्षीदाराच्या जबानीचा प्रश्न आला की न्यायसहायक शाखा तोच उचलते. कुंपणं ठेंगणी आहेत.

एक फरक मात्र प्रत्येकाला ठाऊक हवा. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधं देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकून चाचण्या, निदान आणि मानसोपचार करतात. बहुतेक ठिकाणी त्यांना औषधं लिहिण्याचा अधिकार नसतो. समुपदेशकाचं काम मुख्यतः जगण्यातल्या अडचणी, निर्णय, नातेसंबंध यांच्याशी. चुकीच्या दारात गेल्याने मदत मिळायला उशीर होतो, म्हणून हा फरक परीक्षेपुरता नाही.

एक प्रयोग स्वतः करा

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये केलेला प्रयोग कागद, रंगीत पेनं आणि स्टॉपवॉच यांवर होतो. मूळ प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, आणि दुसऱ्याच रंगाचं नाव लिहिलेल्या १०० शब्दांच्या शाईचा रंग सांगायला ११०.३ सेकंद.

चार रंग घ्या: लाल, निळा, हिरवा, पिवळा. पिवळा कागदावर फिका पडतो, तेव्हा गडद छटा निवडा. पहिल्या कागदावर ४० रंगीत चौकोन, एका ओळीत ५, अशा ८ ओळी. दुसऱ्यावर ४० शब्द, तितकेच मोठे, पण प्रत्येक शब्द भलत्याच शाईत: 'लाल' हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या. प्रत्येक रंग १० वेळा. लागोपाठ दोनदा एकच शाई येऊ देऊ नका. एका शब्दाने सांगितलेला रंग आणि पुढच्या शब्दाची शाई एकच येणार नाही हेही बघा, कारण नुकताच दाबलेला रंग पुढे उच्चारायला आणखी वेळ लागतो आणि आकडे गढूळ होतात. सरावासाठी ८ शब्दांची वेगळी चिठ्ठी ठेवा.

किमान १० जण हवेत. आधी त्यांना काय करायचंय ते सांगून संमती घ्या, मध्येच थांबता येईल हेही सांगा, आणि लाल-हिरव्यातला फरक दिसण्यात अडचण आहे का ते विचारा. असेल तर त्यांचे आकडे धरू नका. सूचना सगळ्यांना एकाच शब्दांत, लिहून ठेवलेली वाचून द्या: 'शाईचा रंग मोठ्याने सांगा, चूक झाली तर दुरुस्त करून पुढे जा.' पाच जणांना आधी चौकोन, पाच जणांना आधी शब्द. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं तर आलेला फरक शब्दांचा की दमल्याचा, की उलट हात बसल्याचा, हे सांगता येणार नाही.

वेळ आणि चुका दोन्ही टिपा. नुसती वेळ टिपली तर घाईघाईत चुका करणारा हुशार ठरतो. प्रत्येकाच्या शब्दांच्या वेळेतून चौकोनांची वेळ वजा करा आणि मग सरासरी काढा. कुणाचा फरक फारच कमी आला तर विचारा: बरेच जण डोळे किलकिले करून अक्षरं पुसट करतात. ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला हा अडथळा जवळजवळ होतच नाही, आणि यातच प्रयोगाचा गाभा आहे. वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं की नको म्हटलं तरी ते होतं, आणि ते थोपवण्यात वेळ जातो.

ज्या गोष्टी वहीतून आधीच खोडायच्या

माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खोटं आहे. डाव्या मेंदूची माणसं तर्कशुद्ध आणि उजव्या मेंदूची कलावंत, हेही. दोन अर्धगोलांत कामाची काही वाटणी आहे, पण त्यावरून माणसांचे दोन प्रकार पडत नाहीत. मुलाची 'शिकण्याची शैली' ओळखून तशीच शिकवणी दिली की जास्त शिकतो, या समजाला २००८ सालच्या एका सविस्तर आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. मास्लो यांनी गरजांची श्रेणी १९४३ मध्ये मांडली, पण त्रिकोण त्यांनी काढलेला नाही, आणि एक पायरी पूर्ण भरल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही असंही त्यांचं म्हणणं नव्हतं.

आणि विकारांचा धडा वाचताना स्वतःवर, घरच्यांवर नावं चिकटवू नका. प्रत्येकाला प्रत्येक यादीत दोन-तीन लक्षणं सापडतातच. निदानाला संख्या, कालावधी आणि जगण्यात आलेला अडथळा, तिन्ही लागतात: तीव्र उदासीनतेच्या विकाराला नऊपैकी किमान पाच लक्षणं, त्यांतलं एक उदास मनःस्थिती किंवा रस संपणं, किमान दोन आठवडे, आणि त्याने कामात किंवा नात्यांत ठळक त्रास. हे तपासणं प्रशिक्षित माणसाचं काम. त्रास खरोखर वाटत असेल तर पुस्तक मिटून त्यांच्याकडे जा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी जा.

आठ आठवड्यांची आखणी

वाचलेलं टिकवायची रीत मानसशास्त्रानेच तपासलेली आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला, दुसरा एकदा वाचून नंतर आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: दोनदा वाचलेला ४२, आठवून लिहिलेला ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने येणारा 'जमलं' हा भास पाच मिनिटांपुरता खरा असतो, म्हणूनच तो फसवतो.

तेव्हा पहिले दोन आठवडे संज्ञांची वही, आठवड्याला दहा. तिसऱ्यात लॉफ्टस-पामर, पुस्तक मिटून दोन्ही भागांची आकृती काढेपर्यंत. चौथा आणि पाचवा संप्रदायांना. सहाव्यात स्ट्रूप, सातव्यात शाखा आणि तुम्हाला आवडलेल्या शाखेतला एक प्रयोग. दर बसण्याची पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं, मग वही उघडून लाल पेनने दुरुस्त करायचं.

आठव्या आठवड्यात चालढकलीचं पान पुन्हा पहिल्यापासून लिहा, जुनं न बघता. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. पहिल्या पानावर 'सवय', 'भीती', 'आळस' असे शब्द किती आहेत आणि दुसऱ्यावर त्यांच्या जागी मोजता येणारं काय आलं आहे, ते मोजा.